ट्रंकेतले तीन डबे

बुऱ्हाणपूर,
१४ ऑगस्ट १९५६

चि. सौ. सुनंदा,

आशीर्वाद. तुझं कार्ड काल मिळालं. साडेतीन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. चारच ओळी होत्या. पाचवी लिहिली असतीस तर पोस्टाने जास्त पैसे घेतले नसते. पण चार आल्या हेही खरं. हे म्हणाले, उत्तर आजच्या आज लिही, नाहीतर तू आठवडाभर मनातल्या मनात भांडत बसशील आणि मग लिहिशील ते भांडणच असेल. मास्तरकी करून करून यांना बायकोही वर्गात बसल्यासारखी वाटते. पण या वेळी ऐकलं मी त्यांचं.

कुसुमचं जमलं हे वाचून फार बरं वाटलं. मुलगा मुंबईत नोकरीला आहे आणि गजाननरावांचीही बदली तिकडेच होते आहे, म्हणजे लेक लांब जाणार नाही. नागपूरची राजधानी भोपाळला जाणार आणि तुमच्या सचिवालयाचे दोन तुकडे होणार असं यांनी मला नकाशा काढून समजावलं. आम्हाला काही झळ नाही. बुऱ्हाणपूर आहे तिथेच राहणार, कागद तेवढे नागपूरऐवजी भोपाळला जाणार. आपण दोघी मात्र आता दोन निराळ्या राज्यांत राहू. बोलत नव्हतो तेव्हा एका राज्यात होतो.

आता तुझी चौथी ओळ. 'मार्गशीर्षात लग्न आहे, आईचं लुगडं हवं, आईने तसं सांगितलं होतं.' हो, सांगितलं होतं. शेवटच्या आजारात माझ्याच घरी, तुझ्या-माझ्या दोघींच्या समोर सांगितलं. जी नात पहिली बोहल्यावर चढेल तिने गौरीहरापाशी बसताना माझं डाळिंबी लुगडं नेसावं. मला एकटा वसंता, तेव्हा पहिली नात म्हणजे कुसुमच. यात वाद नाही.

वाद झाला तो लुगडं कुणाकडे राहावं यावरून. आईच्या तेराव्याला तू म्हणालीस, मी नागपूरला घेऊन जाते. आणि मी भरल्या घरात म्हणाले, हिच्या हाती दिलं तर ही त्याचा रेडिओ घेईल. पाहुणे हसले. तू उठलीस, हात धुतलेस आणि टांगा बोलावलास. मला वाटलं कोपऱ्यापर्यंत जाशील आणि परत येशील.

लुगड्याची ट्रंक माझ्याच खोलीत आहे. तिला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या कमरेला आहे. एवढं तुला सांगते.

आमचं ठीक. वसंता नेपानगरला कागदाच्या कारखान्यात लागला, रविवारी येतो. घरात आम्ही दोघंच. घर म्हणजे इतवाऱ्यातल्या त्याच दोन खोल्या, पण तू आता आलीस तर ओळखणार नाहीस, इतक्या मोकळ्या झाल्यात. तीन वर्षांत मी घरात एकही नवी वस्तू आणलेली नाही. धान्य, तेल, काडेपेटी आणि फाटलं तरच कापड. गल्लीतल्या बायका याला मनकर्णाबाईंचं व्रत म्हणतात. शेजारच्या धुरपदाबाई तर येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी चूल दाखवायला आणतात, देवळातली मूर्ती दाखवावी तशी. तुझ्याकडे रेडिओ आला असेलच.

कुसुमला आशीर्वाद, गजाननरावांना नमस्कार.

तुझी अक्का


बुऱ्हाणपूर,
६ सप्टेंबर १९५६

चि. सौ. सुनंदा,

या वेळी सात ओळी. प्रगती आहे.

'किल्ली कमरेला आहे हे कळलं. लुगडं कधी पाठवतेस ते लिही.' तू लहानपणापासून अशीच. मी दहा वाक्यं बोलायची आणि तू नेमकं न बोललेलं अकरावं विचारायचीस. पुढे लिहिलंस, 'मुंबईला दीड खोली मिळणार आहे. इथलं सामान चार खोल्यांचं आहे. तू मोठी साधी राहणीवाली झालीस असं कानावर येतं, तर सांग काय टाकू.' टोमणा कळला. पण विचारलंच आहेस तर सांगते, कारण या एकाच विषयात मला आता थोडं कळतं.

पाहुण्यांसाठी म्हणून जे ठेवलंयस ते आधी बाहेर काढ. त्या वस्तू पाहुण्यांच्याही कामाला येत नाहीत, त्यांना नुसत्या दिसतात. कपबशांचा तो निळ्या फुलांचा संच, ज्याच्यासाठी तू मागच्या खेपेला कपाट करून घेतलं होतंस, त्यातून तुम्ही कधी चहा प्यालात का? एक वस्तू आणली की ती दुसरी मागते. कपबशा कपाट मागतात, कपाटाला कुलूप लागतं, कुलूप आलं की मोलकरणीवर नजर ठेवावी लागते. आधी साधा चहा होता, त्याचं हे झालं.

मग प्रत्येक भांडं हातात घे आणि मागच्या दिवाळीपासून ते किती वेळा चुलीवर चढलं ते आठव. आठवेना, तर ते तुझं नव्हे. ते तू कुणासाठी तरी सांभाळते आहेस, आणि तो माणूस कधी येणार नाही.

पहिल्यांदा जीव तुटतो. माझा तुटला होता. पितळेचा मोठा हंडा दिला तेव्हा दोन दिवस त्या कोपऱ्याकडे पाहवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिथे ऊन आलं. बावीस वर्षं या घरात राहते, पण सकाळी त्या कोपऱ्यात ऊन येतं हे मला ठाऊकच नव्हतं.

आता दुपारी दोन वाजता माझे हात रिकामे असतात. घासायला भांडी थोडी, घड्या घालायला कपडे थोडे. मी राजघाटावर जाऊन बसते. तापी पाहते. रविवारच्या बाजारातून येताना पूर्वी पाय दुकानागणिक थांबायचे, मन तर घरी आल्यावरही तिथेच राहायचं. आता सगळा बाजार ओलांडून येते आणि काही राहून गेलं असं वाटत नाही. कापडवाला मोतीलाल आधी लांबूनच हाक मारायचा, 'आओ बाई, नवा माल आला हाय, देखायला काय पैसे लागतात?' आता नुसता रामराम करतो. त्याला कळलंय की मी गिऱ्हाईक म्हणून मेले. हे सुख मी तुला लिहून दाखवू शकत नाही. खोटं वाटेल.

लुगड्याचं म्हणशील तर मला वाटतं, तू जरा विचार कर. रेशीम किती जुनं. आईच्या लग्नातलं, म्हणजे पन्नास वर्षांच्या वर झाली. घडीवर विरलं होतं, पदराला आईने पिवळ्या दोऱ्याने रफू केलं होतं ते तुला आठवत असेल. नव्या मुलीच्या अंगावर ते टिकेल का? मुंबईची माणसं हसतील. एखादं साधं, नवं, सुती नेसव. लग्न कपड्यांनी लागत नाही.

वसंताने या महिन्यात मला भिंतीवरचं घड्याळ आणलं होतं. परत पाठवलं.

अक्का


बुऱ्हाणपूर,
९ ऑक्टोबर १९५६

सुनंदा,

आज मायना लिहीत नाही. पत्र शेवटपर्यंत वाचशील आणि मग तुला वाटेल तो मायना तूच घाल.

तुझं तिसरं कार्ड आठ दिवस माझ्या पोथीत आहे. 'मी रेडिओ विकला, कपबशा शेजारी दिल्या, कपाटही दिलं. तुझं सगळं ऐकलं. आता माझं एक ऐक. लुगडं विरलेलं असेल तर विरलेलं पाठव. मला ते आईचं म्हणून हवं आहे.' हे वाचून मी तुला लगेच लिहायला हवं होतं. लिहिलं नाही.

काल नवरात्राच्या भजनाला बायका जमल्या होत्या. भजन संपल्यावर धुरपदाबाईंनी मला उभं केलं. 'आमच्या मनकर्णाबाईनं तीन साल झाले, नवं भांडंसुद्धा घरात घेतलं नाही. कसं जमलं ते त्यांच्याच तोंडून ऐका.' चाळीसेक बायका होत्या. दोन नव्या सुना पुढे बसल्या होत्या, डोळे मोठे करून. मी उभी राहिले आणि तोंड उघडलं, पण माझ्याच्याने बोलवेना. त्यांना वाटलं भरून आलं. एकीने पाणी दिलं, एकजण रडायला लागली. मी घरी आले. रात्रभर झोप नाही. आज दुपारी हे शाळेत गेल्यावर लिहायला बसले आहे.

लुगडं नाही सुनंदा. तीन वर्षांपूर्वीच गेलं. मी घालवलं.

माझं पहिलं पत्र पुन्हा वाच. लुगडं आहे असं मी कुठेही लिहिलेलं नाही. ट्रंक आहे, कुलूप आहे, किल्ली आहे असं लिहिलं. लिहिताना मला माझ्या हुशारीचं बरंही वाटलं. आणि दुसऱ्या पत्रात विरलं होतं, होतं असंच लिहिलं. खोटं न बोलता फसवायची ही विद्या मी कुठे शिकले कोण जाणे, आईकडून नक्कीच नाही.

सगळं क्रमाने सांगते. आई माघात गेली. तू तेराव्याला निघून गेलीस. वैशाखात मी ट्रंका ऊन दाखवायला अंगणात काढल्या, कसर लागू नये म्हणून. लुगडं खाटेवर पसरलं होतं. त्याच दुपारी बोहारीण आली, मालूबाई. तू तिला पाहिलं आहेस, उंच, कपाळावर गोंदलेली, डोक्यावर भांड्यांची पाटी. धुरपदाबाईंनी जुने कोट देऊन तिच्याकडून एक पातेलं घेतलं होतं. माझ्यापुढे तिने तीन डबे ठेवले. एकात एक बसणारे, झाकणांचे, स्टेनलेसचे. गल्लीत तेव्हा कुणाकडे स्टेनलेस नव्हतं. नुसतं नाव ऐकत होतो.

ती म्हणाली, 'हात तं लावून पाहा बाई. याले कलई नको, चिंच नको. जन्मभर असंच चमकते.' मी हात लावला. थोरल्या डब्यात माझं तोंड दिसलं. वर आभाळ दिसलं. मी एक-एक काढत गेले. यांचे दोन कोट, वसंताच्या विजारी, माझी तीन लुगडी. मालूबाई मान हलवत राहिली. मग तिने खाटेकडे पाहिलं. जवळ गेली, काठ बोटांत धरून चोळला. 'खरी तार हाय. रेशीम तं गेलंच आहे बाई. आणखी दोन साल ठेवाल तर पोतेरं व्हईल. मग कोणी घेणार नाही.'

मी नाही म्हटलं. तिने डबे एकात एक घातले, पाटीत ठेवले, पाटी उचलायला वाकली. एवढंच. ती वाकली तेवढ्या वेळात मी हो म्हणाले.

स्वतःशी मी काय म्हणाले तेही सांगते, आता काय लपवायचं. मी म्हणाले, पैसा तर एकही जात नाही. विकत घेतलं तर उधळेपणा, बदलून घेतलं तर संसार. आणि त्याच्याही खाली एक गोष्ट होती. मी म्हणाले, बरं झालं, आता सुनंदाला मिळणार नाही. तू रेडिओ घेशील म्हणून तुला चारचौघांत बोलले त्याला तीन महिनेही झाले नव्हते.

डबे दोन दिवस फळीवर होते. येणारी प्रत्येक बाई पाहून गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रंक उघडली, काही दुसरंच काढायला, आणि तळाशी आईची कापराची पुरचुंडी तेवढी पडलेली. मी चपला न घालता बाहेर पडले. मालूबाई इतवाऱ्यातच मिळाली. म्हणाली, जरवाल्याला दिलं. त्याची गल्ली दाखवली. तुला माहीत आहे, आपल्या गावात तार ओढतात तशी जुनी जर जाळून चांदीही काढतात. लहानपणी त्या गल्लीतून जाताना आपण नाकाला पदर लावायचो.

म्हाताऱ्या जरवाल्याने मला बसायला स्टूल दिलं. मी डाळिंबी लुगडं म्हणाले, पिवळं रफू म्हणाले. त्याने मुशीतून काढलेली चांदीची गोळी पुढे केली, सुपारीएवढी. 'बाई, कल शाम को जलाया. और भी दस-बारा लोगों की साड्या होत्या. सब एक हो गया. आता यातलं तुमचं कोणतं, मी कसं सांगू?' तो वाईट माणूस नव्हता. मला त्याने पाणीही विचारलं.

त्या दिवसापासून मी काही घेतलेलं नाही. व्रत नाही सुनंदा, ती शिक्षा होती. मी स्वतःला म्हटलं, तुला भांडी हवी होती ना, आता बस. डबे ट्रंकेत टाकले, लुगडं होतं तिथेच, लुगडं ज्यात बांधलेलं असायचं त्या आईच्या पंच्यात गुंडाळून. एक दाणाही त्यांत कधी घातला नाही. कुलूप त्यांना आहे. किल्ली त्यांची आहे.

आणि आता यातलं सगळ्यात वाईट. पहिलं वर्ष मी खरंच भोगलं. दुसऱ्या वर्षी सवय झाली. तिसऱ्या वर्षी ते सगळं मला आवडायला लागलं. कोपऱ्यातलं ऊन, राजघाट, रिकामे हात, हे मी तुला खोटं लिहिलं नाही, ते शब्दन् शब्द खरं आहे. मी सुखी आहे. तुझं लुगडं जाळून मी सुखी झाले. शिक्षेत सुख लागायला लागलं तर तिला शिक्षा म्हणायचं का, हे मला कुणाला विचारताही येत नाही, कारण सगळ्यांना वाटतं मी पुण्य करते आहे. वसंताचं घड्याळ परत केलं, त्यानंतर तो दोन रविवार आला नाही. पोराने हौसेने आणलं होतं. मी ते घेतलं नाही, कारण घेतलं असतं तर धुरपदाबाईंना काय दाखवलं असतं?

तू जे घेत होतीस ते उघड घेत होतीस, वापरत होतीस आणि हसत होतीस. तुला हवंसं वाटायचं ते तू सांगायचीस. मला हवंसं वाटायचं ते मी गिळायचे, आणि तुला नावं ठेवायचे. दोघींत लोभी कोण, ते ठरवायला पंच नको.

हे वाचून तू पत्र फाडलंस तरी चालेल. पण उत्तर पाठव. शिव्यांचं असलं तरी पाठव. लोभ मागायला मला तोंड नाही.

मनकर्णा


बुऱ्हाणपूर,
२२ ऑक्टोबर १९५६

सुनंदा,

दसरा गेला. पोस्टमनची वेळ मला पाठ झाली आहे. तो दारावरून जाताना आता माझ्याकडे बघत नाही.

यांना सगळं सांगितलं. मला वाटलं चिडतील. म्हणाले, 'ट्रंक बंद असते हे मला तीन वर्षं दिसत होतं. तू सांगशील म्हणून थांबलो होतो.' मग चष्मा पुसत बसले. धुरपदाबाईंनाही सांगितलं. चूल बघायला आता कुणी येत नाही. मला हलकं वाटलं, आणि थोडं वाईटही वाटलं. त्या येण्याची सवय लागली होती, म्हणजे ती पण एक वस्तूच होती.

काल गजाननरावांचं कार्ड आलं. तुझं नाही, त्यांचं. दोन ओळी. 'रविवार अठ्ठावीस रोजी आम्ही सामानासह मुंबईस निघत आहोत. गाडी दुपारी चारच्या सुमारास भुसावळला येते.' पुढे काही नाही. या की येऊ नका, काही नाही. माणूस कारकून खरा, पण भला आहे.

मी भुसावळला येणार आहे. एकटी येईन. तुला डब्यातून खाली उतरायची गरज नाही. खिडकीही उघडू नकोस वाटलं तर. मी फलाटावर उभी राहीन आणि गाडी सुटली की जाईन. कुसुमला दुरून पाहीन.

ते तीन डबे घेऊन येते आहे. लुगड्याच्या बदली म्हणून नाही, ते कशाच्याच बदली होत नाही. माझ्या घरात त्यांना जागा नाही एवढंच. तुला नको असतील तर फलाटावर ठेवून जाईन.

मनकर्णा


बुऱ्हाणपूर,
३० ऑक्टोबर १९५६

चि. सौ. सुनंदा,

तुम्ही सुखरूप पोचलात असं धरून मुंबईच्या पत्त्यावर लिहिते आहे. मायना घातला आहे, कारण परवा तू मला अक्का म्हणालीस.

तू गाडीत होतीस, मी फलाटावर. तुला जे दिसलं नसेल ते सांगते. मी बारा वाजल्यापासून तिथे होते. गाडी आली तेव्हा मी डबे छातीशी धरून उलट्या बाजूला धावले. तुमचा डबा मागे राहिला. कुसुमनेच 'मावशी' म्हणून हाक मारली. साडेतीन वर्षांत पोर केवढी झाली. मी वळले तर तू खिडकीत होतीस आणि खिडकी उघडी होती.

तुझं सामान पाहिलं. चार खोल्यांचं सामान म्हणाली होतीस, आणि बाकाखाली दोन ट्रंका, एक वळकटी, एक शिवणाचं यंत्र. बाकी सगळं देऊन आलीस. मी सांगितलं म्हणून. माझ्यासारख्या बाईने सांगितलं म्हणून.

गजाननराव केळी घ्यायचं निमित्त काढून खाली उतरले. मग तू म्हणालीस, आणि मी ते शब्द जसेच्या तसे लिहिते, म्हणजे मी ऐकले हे तुला कळेल. 'अक्का, माझ्याकडे असतं तर मीही दिलं असतं कदाचित. रेडिओलाच दिलं असतं. पण मी त्याच दिवशी तुला पत्र टाकून सांगितलं असतं.'

लुगड्याचा राग असता तर मी तो सोसला असता. पण तुझा राग त्या साडेतीन वर्षांचा होता, आणि ती तर मी कुठल्याही बोहारणीला दिली नव्हती, ती मी एकटीनेच संपवली.

मी डबे खिडकीतून पुढे केले. तू घेतले नाहीस. त्यांच्याकडे पाहत राहिलीस. म्हणालीस, 'नवेच आहेत गं.' मी म्हटलं, एकदाही वापरले नाहीत. आणि तू हसलीस. रडत होतीस आणि हसलीस. 'एवढं करून वापरलेसुद्धा नाहीत?'

मग म्हणालीस, 'तहान लागली आहे. जा, त्यातल्या धाकट्यात पाणी आण.'

सुनंदा, त्या नळावर गर्दी होती. मी आयुष्यात कधी कुणाला ढकललं नाही, परवा ढकललं. धाकटा डबा विसळला, भरला. पहिल्यांदाच त्यात काहीतरी पडलं. तू तो दोन्ही हातांनी धरून प्यालीस, अर्ध्यावर कुसुमला दिलास. ती पीत असतानाच गाडी हलली. गजाननराव केळी घेऊन धावत चढले. मी खिडकीबरोबर चालत होते, तू काहीतरी म्हणत होतीस, इंजिनाच्या आवाजात ते गेलं. मी विचारणार नाही. पत्रात लिहिलंस तर वाचीन.

परतीची गाडी सव्वासहाला होती. बाकावर बसले तेव्हा लक्षात आलं, धाकटा डबा तुझ्याबरोबर गेला आणि त्याचं झाकण माझ्या हातातच आहे.

काल मोठ्या डब्यात ज्वारीचं पीठ भरलं आणि मधल्यात डाळ. पितळेच्या ज्या दोन भांड्यांत ते असायचं ती शेजारच्या नव्या सुनेला दिली. म्हणजे वस्तू वाढली नाही, ट्रंक तेवढी रिकामी झाली, तीही वसंताला देऊन टाकणार आहे. त्याला लिहिलं आहे, ट्रंक घेऊन जा आणि येताना ते घड्याळ आण. पोराने हौसेने आणलेलं घड्याळ भिंतीवर असलं म्हणून माझं सुख कमी होत नाही, तेवढं ते कच्चं असेल तर गेलेलंच बरं. आणि तुमच्या गाड्यांच्या वेळा मला आता कळायला हव्यात.

कुसुमला लग्नात काय नेसवायचं हे तू ठरव. मी लग्नाला येईन, तू बोलावलंस तर. अंगावर असेल ते नेसून येईन आणि आहेर आणणार नाही, कारण माझ्याकडे द्यायला काही उरलेलं नाही. लोक विचारतील तर सांग, माझ्या बहिणीने सगळं आधीच देऊन टाकलं. ते खोटं होणार नाही.

झाकण मी पोस्टाने पाठवणार नाही. पोस्टात ते चेपेल. चुलीच्या वरच्या कोनाड्यात ठेवलं आहे, सकाळचं ऊन येतं तिथेच. त्याच्याखाली डबा नसल्याने ते उगाच ठेवल्यासारखं दिसतं, आणि या घरात उगाच ठेवलेली आता तेवढी एकच वस्तू आहे.

येऊन घेऊन जा.

अक्का